फेसाळ काँक्रीटच्या हलक्या विटा : गुण, मर्यादा आणि पारख

सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, लोधीखेडा, रामाकोना ह्या आपल्या गावांतून घर बांधावयाचे म्हटले की पूर्वी तीन-चार प्रकारच निघत. पांढऱ्या मातीची रुंद भिंत आणि वर कवेलू. काळ्या दगडाचे जोते आणि त्यावर चुन्यात बांधलेली वीट. आणि अलीकडच्या दोन पिढ्यांत सिमेंटात बांधलेली नऊ इंची भिंत व तिच्यावर स्लॅब. आता ह्यांत आणखी एका प्रकाराची भर पडली आहे. नागपूरच्या वाटेने येणाऱ्या मालमोटारींतून करड्या रंगाचे, दोन फूट लांबीचे ठोकळे दिसू लागले आहेत. कोणी त्यांस 'सीएलसी ब्लॉक' म्हणतो, कोणी 'एएसी', कोणी नुसते 'फोमच्या विटा'. आणि पुणे-मुंबईकडून आलेला गवंडी असेल तर तो सरसकट 'सिपोरेक्स' म्हणतो. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. दुकाने, गोदामे, कचेऱ्या ह्यांची बांधकामे पुढील काही वर्षे चालतच राहतील. आपल्या सभासदांपैकी कित्येकांना हा माल विकत घ्यावा लागेल, काहींना तो विकावाही लागेल. म्हणून त्याचे स्वरूप थोडे खोलात जाऊन सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. वर दिलेली नावे एकाच वस्तूची नाहीत. दोन्ही वस्तू हलक्या आहेत, दोन्हींच्या अंगात लक्षावधी बारीक पोकळ्या आहेत. परंतु त्या पोकळ्या निर्माण करण्याची रीत अगदी निराळी आहे. एएसी प्रकारात सिमेंट, चुना आणि वाळू अथवा राख ह्यांच्या पातळ लगद्यात ॲल्युमिनियमची पूड घालतात. चुन्याशी तिचा संयोग होऊन हायड्रोजन वायू सुटतो आणि साच्यातला लगदा फुगून वर येतो. आंबवलेले पीठ ढोकळ्याच्या ताटलीत फुगते तसाच. तो घट्ट होताच तारेने कापतात व मोठ्या बंद लोखंडी पात्रात, १८० ते २०० अंश उष्णतेच्या दाबाखालील वाफेत कित्येक तास ठेवतात. ह्याला मोठे यंत्र, मोठे भांडवल आणि वाफेची भट्टी लागते.

फेसाळ काँक्रीट म्हणजे सीएलसी. ह्यात फेस आधी वेगळा तयार होतो. पाण्यात फेसद्रव्य मिसळून दाबाच्या हवेने त्याचा दाट, न मोडणारा फेस काढतात आणि सिमेंट, राख व वाळू ह्यांच्या कालवणात तो हलकेच मिसळतात. हे कालवण साच्यात ओतले की आपोआप बसते. भट्टी नाही, वाफेचे पात्र नाही. साध्या पाण्याने भिजवून ते पक्के करावयाचे. ह्यामुळे थोड्या भांडवलात, एखाद्या शेडमध्येही हा धंदा सुरू करता येतो. हाच त्याचा मोठा गुण आणि, खरे सांगावयाचे तर, हाच त्याचा मोठा दोषही आहे. मोठ्या कारखान्यात यंत्र जी शिस्त पाळते ती येथे माणसाला पाळावी लागते.

दगडात पोकळ्या असणे ही काही माणसाची कल्पना नव्हे. आपल्याच भागातील काळा खडक फोडून पाहिला तर थंड होणाऱ्या लाव्हारसात अडकलेल्या वायूची छिद्रे त्यात जागोजाग दिसतात. रोमन स्थपतींनी पँथिऑनच्या घुमटाच्या वरच्या भागात ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड वापरून त्याचे वजन कमी केले, त्यास एकोणीसशे वर्षे होत आली. परंतु ठरवून, मोजून पोकळ्या निर्माण करणारे काँक्रीट हे मात्र विसाव्या शतकाचे अपत्य आहे. पहिल्या महायुद्धानंतर स्वीडनमध्ये लाकडाची व जळणाची टंचाई पडली. लाकडासारखे हलके, कापता येणारे, ऊब धरणारे पण न जळणारे, न कुजणारे साहित्य हवे होते. स्टॉकहोम येथील वास्तुतज्ज्ञ आक्सेल एरिक्सन ह्याने १९२४ साली ते तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि १९२९ पासून तेथे त्याचे मोठे उत्पादन सुरू झाले.

आपल्या देशात ह्या साहित्याची पहिली मोठी कसोटी यशस्वी झाली नाही, आणि ती गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. फाळणीनंतर लक्षावधी निर्वासित दिल्लीत आले. त्यांच्यासाठी घरे हवी होती आणि तीही तत्काळ. तेव्हा म्हैसूर संस्थानात मुख्य वास्तुशास्त्रज्ञ म्हणून काम केलेले, मूळचे जर्मन असलेले ओटो केनिग्सबर्गर हे १९४८ पासून केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक होते. कारखान्यात फेसाळ काँक्रीटच्या मोठमोठ्या भिंतीच तयार करावयाच्या आणि जागेवर नेऊन घर उभे करावयाचे, अशी योजना झाली व दिल्लीत जंगपुऱ्याजवळ सरकारी कारखाना उभा राहिला. परंतु तयार झालेल्या तावदानांना तडे जाऊ लागले. घरे ठरल्याप्रमाणे निघाली नाहीत, संसदेत प्रश्न विचारले गेले आणि केनिग्सबर्गर १९५१ साली भारत सोडून गेले. कारखाना मात्र मोडला नाही. १९५३ साली 'हिंदुस्तान हाउसिंग फॅक्टरी' ह्या नावाने त्याची कंपनी झाली, तयार काँक्रीटच्या इतर वस्तूंकडे तिने आपला मोर्चा वळवला आणि १९७८ मध्ये तिचे नाव 'हिंदुस्तान प्रीफॅब' असे झाले. हेच साहित्य स्वीडनमध्ये तेव्हा वीस वर्षे चांगले चालत होते. परदेशातील कृती आणली म्हणजे तेथील सिद्धताही आपोआप आली, असे होत नाही. साहित्याची घाई केली की साहित्य त्याची भरपाई तड्यांनी करून घेते.

पुढे महाराष्ट्रात हे काम नीट रुजले. वाई तालुक्यातील पसरणी गावचे बी. जी. शिर्के ह्यांच्या उद्योगसमूहाने स्वीडिश तंत्रज्ञान घेऊन पुण्यात १९७२ साली 'सिपोरेक्स'चा कारखाना काढला. त्या मालाचा इतका प्रसार झाला की आज महाराष्ट्रातील गवंडी कोणत्याही कारखान्याच्या एएसी ठोकळ्याला त्याच नावाने ओळखतो. आपल्या व्यापारात वनस्पती तुपाचे जे झाले तेच हे.

आपल्या भागाला हा माल जवळचा वाटण्याचे कारण मात्र पुण्याला नाही. ते कोराडीला आहे. सौंसरहून सावनेरमार्गे नागपूरला जाताना कोराडीच्या उंच चिमण्या सर्वांनीच पाहिल्या आहेत. पलीकडे खापरखेडा; आपल्या उत्तरेस बैतूल जिल्ह्यात सारणी. ह्या वीजकेंद्रांत जो कोळसा जळतो त्यात राखेचे प्रमाण साधारण तीस ते चाळीस टक्के असते, म्हणजे शंभर मोटारी कोळसा जाळला की तीस-चाळीस मोटारी राख उरते. ती साठवायची कोठे हा त्या केंद्रांपुढील कायमचा प्रश्न आहे. केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने ह्या राखेचा बांधकामात उपयोग करणे बंधनकारक करण्यास सुरुवात केली आणि पुढे वेळोवेळी ते नियम कडक केले. फेसाळ काँक्रीटमध्ये ही बारीक राख फार चांगली सामावते. उलट, भाजक्या विटेसाठी शेताची अथवा नदीकाठची वरची सुपीक माती खणावी लागते आणि ती भाजावयास जळण लागते. जाम आणि कन्हानच्या काठची माती संत्र्याला द्यावी की वीटभट्टीला, हा प्रश्न बागाइतदाराला विचारून पाहावा.

आता वजनाचा हिशेब, कारण सगळा व्यवहार शेवटी त्यावरच येतो. दहा फूट लांब व दहा फूट उंच अशी नऊ इंची विटेची भिंत घ्या. तिचे वजन, गिलावा सोडून, सुमारे चार टन भरते. तेवढीच भिंत आठ इंच जाडीच्या, घनमीटरला ८०० किलो घनतेच्या फेसाळ ठोकळ्यांनी बांधली तर सांध्यांतील मसाल्यासह ती सुमारे पावणेदोन टन होते. म्हणजे निम्म्याहूनही कमी. नव्या इमारतीत ह्यामुळे तुळया, खांब, पाया सर्वांवरील भार उतरतो आणि लोखंड वाचते. भूकंपात भिंतीवर येणारा धक्का तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो, हाही विचार आहेच. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला जी सुमारे दहा हजार माणसे दगावली ती बहुतेक मातीत रचलेल्या जड दगडी भिंती व मातीची जड छपरे अंगावर कोसळून. आपल्याहून फार दूर नसलेल्या जबलपूरलाही २२ मे १९९७ रोजी भूकंपाने माणसे बळी घेतली.

परंतु ह्याच हिशेबाचा एक घातक उपयोग सध्या होऊ लागला आहे, आणि ह्या लेखाचे खरे प्रयोजन ते आहे. बाजारपेठेतील आपली बरीच दुकाने वाडवडिलांच्या वेळची आहेत. खाली दुकान, मागे माजघर, भिंती मातीच्या अथवा मातीत रचलेल्या विटांच्या. मुलगा मोठा झाला, त्याचे लग्न ठरले, जागा पुरेना; तेव्हा कंत्राटदार सांगतो, "शेटजी, हलक्या विटा आल्या आहेत. वर एक मजला सहज चढेल." ह्यातील 'सहज' ह्या शब्दाचा हिशेब आपण करून पाहू. पंधरा फूट रुंद व तीस फूट लांब असा मजला धरा, मध्ये एक आडवी भिंत, उंची दहा फूट, दारे-खिडक्यांसाठी पाचवा हिस्सा वजा. विटेच्या भिंती सुमारे ३४ टन होतील. फेसाळ ठोकळ्यांच्या सुमारे १४ टन. वीस टन वाचले, हे खरे. परंतु पाच इंची स्लॅब १३ टनांचाच राहतो, त्यावरील फरशी व थर ४ टन, आणि माणसे-सामान ह्यांचा धरावयाचा भार ८ टन. एकूण बेरीज ५९ वरून ३९ टनांवर आली. जुन्या भिंतीने आजवर कवेलूंचे छप्पर पेलले. तिच्यावर आता ३९ टन नवे ओझे येणार. ते ५९ टनांहून कमी आहे म्हणून तिला झेपेलच, असे कोणत्या न्यायाने म्हणावयाचे? हलका ठोकळा वरच्या भिंतीचे वजन कमी करतो, खालच्या भिंतीची ताकद वाढवीत नाही. जुन्या भिंतीस हात लावण्यापूर्वी पायाशी खड्डा खणून, स्थापत्य अभियंत्याकडून तपासून, जरूर तर खालून वरपर्यंत काँक्रीटच्या खांबांचा स्वतंत्र सांगाडा उभारून मगच मजला चढवावा. त्याचा खर्च अधिक येईल. परंतु त्या मजल्याखाली दिवसभर गिऱ्हाइके आणि आपली माणसे असतात.

दुसरी गफलत जमिनीविषयी आहे. इमारत हलकी म्हणजे पाया उथळ चालेल, असे समजले जाते. मुरमात ते काही अंशी खरे आहे. परंतु कपाशीच्या काळ्या मातीत उलटा प्रकार घडतो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. फुगताना ती वरची इमारत उचलू पाहते; जड इमारत तिला काहीसे दाबून धरते, हलकी एकमजली इमारत मात्र तिच्यासह वर-खाली होते. म्हणून काळ्या मातीत भिंत हलकी असेल तर पायाची काळजी अधिकच घ्यावी लागते. माती थोड्या खोलीची असेल तर ती काढून पाया मुरमावर अथवा खडकावर न्यावा. खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी पुढे आणलेले 'अंडर-रीम्ड पाइल', म्हणजे तळाशी कांद्यासारखा फुगवटा दिलेले काँक्रीटचे खांब, निदान साडेतीन मीटर खोल घालावेत. त्या खोलीवर ऋतूंचा फेरफार सहसा पोहोचत नाही.

उन्हाळ्याविषयी थोडेच सांगतो. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो. आठ इंची फेसाळ भिंत नऊ इंची विटेच्या भिंतीहून उष्णतेला दुपटीने अडवते. पश्चिमेच्या भिंतीला हा फरक हाताला जाणवतो. मात्र एकमजली घरात बहुतेक ताप गच्चीतून येतो, भिंतीतून नव्हे. नुसत्या भिंती बदलून घर थंड झाले नाही म्हणून ठोकळ्याला दोष देणे बरोबर नाही. विटांच्या तुकड्यांच्या जड कोब्याऐवजी अधिक हलक्या फेसाळ काँक्रीटचा थर गच्चीवर ओतून त्यावर जलरोधक थर दिला तर उपयोग होतो व गच्चीवरचे वजनही कमी होते.

कापूस, धान्य, किराणा ह्यांच्या गोदामवाल्यांसाठी दोन गोष्टी. फेसाळ काँक्रीट जळत नाही. आगीत ते चांगले टिकते. परंतु बाजारात 'फोम' ह्याच नावाने थर्माकोल भरलेली पत्र्याची तावदानेही विकली जातात; थर्माकोल पेट घेतो आणि दाट धूर सोडतो. नाव ऐकून माल घेऊ नये, तोडून पाहावा. दुसरे असे की गोदामात पोती भिंतीला टेकून रचतात आणि मोकळे धान्य तर भिंतीला थेट रेटा देते. चार इंची हलकी भिंत हा रेटा सोसण्यासाठी नाही. तेथे काँक्रीटचे खांब जवळजवळ घ्यावेत, आणि रास भिंतीपासून हातभर दूरच ठेवावी. जोत्यापर्यंतचे काम दगडाचे अथवा पक्क्या विटेचेच असावे, कारण हा ठोकळा पाणी पितो. ८०० घनतेच्या ठोकळ्याला भारतीय मानकाप्रमाणे साडेबारा टक्क्यांपर्यंत पाणी शोषण्याची मुभा आहे.

आता खरेदीची पारख. भारतीय मानक २१८५, भाग ४ हे २००८ साली खास ह्या ठोकळ्यांसाठी निघाले. त्याप्रमाणे घनमीटरला ८०० किलो घनतेच्या ठोकळ्याने दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २५ किलो, १००० घनतेच्याने सुमारे ३५ किलो आणि १२०० घनतेच्याने सुमारे ६५ किलो दाब सोसला पाहिजे. ह्यावरून ध्यानात येईल की फेस वाढवला की वजन घटते, परंतु ताकद त्याहून झपाट्याने घटते. लबाडी येथेच होते. फेस स्वस्त, सिमेंट महाग. सुदैवाने ती पकडण्याचे साधन आपल्या प्रत्येक दुकानात आहे, ते म्हणजे काटा. ६० सेंटिमीटर लांब, २० रुंद, २० उंच असा पूर्ण सुकलेला ८०० घनतेचा ठोकळा १९ किलोंच्या थोडा वर भरला पाहिजे. तो चौदा-पंधरा किलोच भरला तर त्यात सिमेंट नव्हे, हवा विकली जात आहे. पंचवीस भरला तर एक तर तो वेगळ्या प्रतीचा आहे नाहीतर ओला आहे. काही विक्रेते ठोकळा हौदात तरंगवून दाखवितात. तरंगणे हे फक्त पाण्याहून हलके असल्याचे लक्षण आहे. कच्चा ठोकळाही तितक्याच डौलात तरंगतो. ताकदीचा दाखला सरकारी अथवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेचाच मागावा, आणि तो नमुना ढिगातून आपण स्वतः उचललेला असावा.

ओलेपणाकडे विशेष लक्ष द्यावे. ह्या ठोकळ्याला ताकद यावयास २८ दिवस लागतात, आणि त्यानंतर तो सुकावयास हवा. मागणी वाढली की पंधरवड्याचा माल मोटारीत चढतो. तो भिंतीत गेल्यावर सुकतो, सुकताना आकसतो आणि दिवाळीला रंगविलेल्या भिंतीवर होळीला रेघा उमटतात. दोष मग गवंड्याच्या माथी मारला जातो. प्रत्येक ठोकळ्यावर किंवा निदान प्रत्येक ढिगावर साच्याची तारीख घातलेली असावी, असा आग्रह आपण सर्वांनी धरला तर पुरवठादाराला ते अवघड नाही.

ह्यापेक्षाही आपल्या समाजाला जवळची अशी एक बाब आहे. तिची चर्चा फारशी होत नाही. फेस कशाचा? फेसद्रव्ये दोन जातींची मिळतात. एक रासायनिक, धुण्याच्या साबणाच्या जातीची. दुसरी प्रथिनांची, आणि ही प्रथिने पुष्कळदा जनावरांची शिंगे, खूर आणि रक्त ह्यांपासून काढलेली असतात. प्रथिनांचा फेस अधिक टिकाऊ, म्हणून पुष्कळ कारखानदार तो पसंत करतात. अहिंसेचे व्रत घरात पाळणाऱ्या कुटुंबाने त्याच घराच्या भिंतीत हे द्रव्य असावे की नसावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु न कळता तर घेऊ नये. मंदिर, स्थानक, धर्मशाळा ह्यांच्या विश्वस्तांनी ही विचारणा अवश्य करावी. रासायनिक अथवा वनस्पतिजन्य द्रव्याने केलेला मालही मिळतो. कारखानदाराकडून फेसद्रव्याचे नाव व उगम बिलावर लिहून घ्यावा. एएसी ठोकळ्यात फेस नसतो, ॲल्युमिनियमची पूड असते. त्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्हींचा भाव जवळपास असेल तेथे एवढे एकच कारण एएसी घेण्यास पुरेसे आहे.

बांधणीत गवंड्याला जुनी सवय मोडावी लागते. मसाला सिमेंट जास्त घालून कडक करू नये. एकास सहाचा पुरे. मसाला ठोकळ्यापेक्षा कडक झाला की ताण सांध्यात न जिरता ठोकळाच फोडतो. ठोकळे भिजत घालू नयेत, फक्त सांध्याची बाजू ओली करावी. खिडकीच्या तळाशी आणि माथ्याशी काँक्रीटचा आडवा पट्टा घ्यावा. काँक्रीटचा खांब आणि भिंत जेथे भेटतात तेथे गिलाव्याखाली चिकन जाळी मारावी; बहुतेक उभे तडे तेथेच जातात. वायरिंगची खाच छिन्नी-हातोड्याने न करता यंत्राने कापावी. दुकानातील जड फळ्या, पाण्याची गरम टाकी ह्यांसाठी साधा खिळा धरत नाही. भिंतीच्या आरपार बोल्ट घालून मागे पट्टी द्यावी, किंवा तेवढी जागा पक्क्या विटेची ठेवावी.

ज्यांना हा माल विकावयाचा आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावे. विटेचा व्यवहार हजारी नगावर चालतो, ह्याचा घनमीटरवर. २० सेंटिमीटर जाडीचे सुमारे बेचाळीस ठोकळे म्हणजे एक घनमीटर, आणि एक ठोकळा सुमारे बारा विटांची जागा घेतो. गिऱ्हाइकाला ही तुलना पाटीवर लिहून दाखविली तर दराविषयीची हुज्जत बरीच कमी होते. दहा टनांच्या मोटारीत विटा पाच घनमीटरच बसतात, हे ठोकळे बारा. म्हणून लांबची आणणावळ परवडते. परंतु कोपरे ठिसूळ असतात. मोटार उलटवून माल ओतला तर तूट सोसावी लागते. तो हातानेच उतरवून घ्यावा, लाकडी पट्ट्यांवर जमिनीपासून वितभर उंच, पाच-सहा थरांहून अधिक नाही असा रचावा, आणि मृगाच्या आधी त्यावर ताडपत्री घालावी.